मध्ययुगीन युरोपीय तलवार अस्सल की बनावट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर साधारण इ.स. 900 ते 1500 या काळातल्या युरोपीय तलवारींचा विचार केला आहे: सरळ पातं, बहुधा दुधारी, मूठ आणि पातं यांच्यामध्ये हात वाचवणारी आडवी परज आणि मुठीच्या टोकाला जड गोळा. या गोळ्याला संग्राहक पॉमेल म्हणतात आणि पुढेही तोच शब्द वापरला आहे. पात्याचा जो निमुळता भाग मुठीच्या आत जातो तो टँग.

तलवार एक तर खरी असेल नाही तर खोटी. मग जाणकार सरळ उत्तर का देत नाहीत?

कारण बहुतेक तलवारी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. पातं चौदाव्या शतकातलं, परज सोळाव्यातली आणि मुठीवरचं चामडं एकोणिसाव्यातलं, असं एकाच तलवारीत सापडतं. यात दर वेळी फसवणूक असतेच असं नाही. चांगलं पातं महाग होतं, त्यामुळे वापरात असतानाच मूठ बदलली जाई आणि पातं मुलाकडे, नातवाकडे जाई. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘जोयूज’ ही फ्रान्सच्या राजांची राज्याभिषेकाची तलवार. तिचे भाग वेगवेगळ्या शतकांतले मानले जातात, आणि 1804 साली नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी तिच्यात पुन्हा फेरफार झाले. म्हणून तिला कोणी बनावट म्हणत नाही.

ढोबळमानाने पाच प्रकार डोळ्यांसमोर ठेवावेत. सगळे भाग एकाच वेळचे असलेली तलवार. जुन्याच काळात भाग बदललेली तलवार. अलीकडे दोन-तीन मोडक्या तलवारींचे खरे भाग जोडून केलेली. प्रामाणिकपणे प्रतिकृती म्हणून घडवलेली आणि नंतर कोणीतरी जुनी म्हणून विकलेली. आणि मुळापासून फसवण्यासाठीच बनवलेली. तिसऱ्या प्रकाराने सर्वांत जास्त लोक फसतात, कारण तिथे प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर खराच असतो.

त्यामुळे माझ्या मते विचारायचा प्रश्न असा: या तलवारीचा कोणता भाग किती जुना आहे आणि ते सगळे भाग एकमेकांशी जुळतात का? खाली जे काही लिहिलं आहे ते याच प्रश्नाभोवती आहे.

तलवार हातात आली की सर्वांत आधी काय बघायचं?

खुणा आणि अक्षरं नंतर. आधी ती उचलून बघा. अस्सल मध्ययुगीन तलवार माणसाने दिवसभर कंबरेला बांधून हिंडावं आणि वेळ आली की जीव वाचवावा यासाठी घडवलेली असते. हाताला ते लगेच जाणवतं. एकहाती तलवारीचं वजन साधारण 1 ते 1.4 किलो असतं. दोन्ही हातांनी धरता येईल अशी लांब मुठीची तलवारही सहसा 1.2 ते 1.8 किलोंत बसते. पुढे सोळाव्या शतकातल्या अजस्र दोनहाती तलवारी 2 ते 3.5 किलोंपर्यंत गेल्या, पण त्या वेगळ्या कामाच्या होत्या. नदीतून किंवा जमिनीतून निघालेल्या तलवारीने गंजापायी बरंच वजन गमावलेलं असतं, तेव्हा ती याहूनही हलकी लागायला हवी. एकहाती तलवार आणि वजन अडीच किलो, तर तिथेच थांबावं.

मग तोल पाहा. पातं आडवं करून बोटावर तोलून धरलं तर तोलाचा बिंदू बहुतेकदा परजेपासून काही सेंटिमीटरवर, साधारण 8 ते 15 च्या आसपास येतो. कापायच्या रुंद तलवारीत तो थोडा पुढे असतो, खुपसायच्या टोकदार तलवारीत मागे.

त्यानंतरची गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात: पात्याची जाडी. अस्सल पातं रुंदीला जसं निमुळतं होतं तसं जाडीलाही होतं. परजेजवळ 4 ते 6 मिलिमीटर जाड असलेलं पातं टोकाकडे 2 मिलिमीटरच्या आसपास उतरतं. हा उतारही सरळ एकसारखा नसतो. लोहाराने कुठे माल ठेवला आहे, कुठे काढला आहे. स्वस्त प्रतिकृती पोलादाच्या तयार पट्टीतून कापलेली असते, त्यामुळे तिची जाडी बुडापासून टोकापर्यंत सारखीच. व्हर्नियर कॅलिपर घेऊन दर दहा सेंटिमीटरला जाडी मोजा आणि लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अर्धा बाजार तिथेच गळून पडतो.

पात्याच्या मधली पन्हळही बोटाने चाचपा. ती रक्त वाहून जावं म्हणून असते ही दंतकथा. वजन कमी करून पातं ताठ ठेवणं हे तिचं काम. हाताने घडवलेल्या पन्हळीच्या कडा थोड्या पुढेमागे होतात आणि दोन्ही बाजूंच्या पन्हळी एकमेकींच्या अगदी आरशातल्या प्रतिमा नसतात. टोकाकडे ती हळूहळू विरून जाते. यंत्राच्या चाकाने पाडलेली पन्हळ मात्र एका रुंदीने जाते आणि अर्धगोल आकारात एकदम संपते.

ओकशॉट वर्गीकरण म्हणजे काय? त्यावरून काळ ठरवता येतो का?

युअर्ट ओकशॉट (1916–2002) या इंग्रज अभ्यासकाने मध्ययुगीन तलवारींना पात्याचा आकार, छेद, पन्हळ आणि मुठीची लांबी यांवरून रोमन आकड्यांनी दहा ते बावीस असे प्रकार दिले. पॉमेल आणि परजांच्या आकारांनाही त्याने वेगळी यादी केली. त्याआधीच्या व्हायकिंग (उत्तर युरोपातले दर्यावर्दी योद्धे) काळातल्या मुठींसाठी यान पेटरसन या नॉर्वेजियन अभ्यासकाचं 1919 चं वर्गीकरण आजही वापरतात.

काळ ठरवायला याची मदत होते, पण तो सिद्ध होत नाही. एखादा प्रकार शंभर-दीडशे वर्षं चालू असे. दिशा मात्र कळते: अकराव्या-बाराव्या शतकात रुंद, सपाट, लांब पन्हळीची, कापण्यासाठी केलेली पाती. चौदाव्या शतकात अंगावर लोखंडी पत्र्यांचं चिलखत वाढत गेलं तसं फटीतून खुपसता येतील अशी निमुळती, जाड कण्याची, शंकरपाळ्याच्या छेदाची पाती. तेव्हा बाराव्या शतकातल्या बदामी आकाराच्या पॉमेलखाली पंधराव्या शतकातलं खुपसायचं पातं दिसलं की ती जोडकामाची तलवार असणार, हा अंदाज सहसा चुकत नाही.

एक सावधगिरी. ही पुस्तकं बनावट करणाऱ्याच्याही कपाटात असतात. त्यामुळे एखादी तलवार छापील आकृतीशी हुबेहूब जुळते म्हणून खूश होऊ नये. खऱ्या तलवारी वर्गीकरणात जरा अवघडूनच बसतात.

काळाचे पक्के आधार हवे असतील तर ज्यांचा मालक आणि मृत्यूचं साल माहीत आहे अशा तलवारी पाहाव्यात. वेरोनाचा सत्ताधीश कानग्रांदे देल्ला स्काला 1329 मध्ये वारला. 1921 साली त्याची कबर उघडली तेव्हा त्याच्यासोबत पुरलेली तलवार मिळाली. कास्तील या स्पेनमधल्या राज्याचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा 1275 मध्ये वारला. त्याची तलवार स्पेनमधल्या बुर्गोस इथल्या लास उएल्गास मठातल्या कबरीतून आली. अशा तलवारींभोवती बाकीच्यांचा काळ लावत जायचं असतं.

गंजावरून जुनेपणा ओळखता येतो का?

येतो, पण नुसत्या गंजाच्या रंगावरून नाही. लाल-तपकिरी गंज आठवड्याभरात चढवता येतो. जुन्या गंजाचं खोटं रूप देणं तेव्हा अवघड होतं जेव्हा बघणारा वरचा थर सोडून धातूचं खालचं अंग बघायला लागतो.

जुनं पातं एकसंध पोलादाचं नसतं. भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या ढेपेत धातुमळी अडकलेली असे. लोहार ते घडी घालून, ठोकून लांबवत जाई आणि मळीचे धागे पात्याच्या लांबीत ओढले जात. बऱ्याच पात्यांत गाभा मऊ लोखंडाचा आणि धारेला पोलाद जोडलेलं. शेकडो वर्षं ओलाव्यात राहिल्यावर हे सगळे थर वेगवेगळ्या गतीने खाल्ले जातात. म्हणून अस्सल पात्यावरचा गंज जुन्या भिजलेल्या लाकडासारखा लांबलांब रेषांत उलगडतो, कुठे पापुद्रे सुटतात, कुठे धारेचा पट्टा वेगळा दिसतो. एका जागी खोल खड्डा, त्याच्या शेजारी दोन बोटं अंतरावर जवळपास मूळचा गुळगुळीत पृष्ठभाग. हा बेभरवसा अस्सलपणाच्या बाजूने बोलतो.

आम्लाने खाल्लेलं आधुनिक पोलाद दहापट भिंगाखाली धरा. खड्डे जवळपास एकाच खोलीचे, तळाशी गोल, सगळीकडे सारखे पसरलेले. पन्हळीचा तळ, पात्याचा कणा आणि धार, तिन्ही ठिकाणी सारखीच खोदाई. आता खड्ड्यांच्या मधल्या सपाट भागाकडे पाहा. तिथे गंजाच्या खाली एकमेकींना समांतर बारीक रेघा दिसल्या तर त्या यंत्राच्या पट्ट्याच्या किंवा तारेच्या ब्रशच्या. म्हणजे आधी घासलं, मग गंजवलं. तेलाच्या बोळ्याने रंग सहज निघून खाली करडा, चकचकीत धातू उघडा पडला तर तो रंग परवापरवाचा.

तलवार कुठून निघाली यावरही गंज ठरतो. नदीच्या तळाच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथल्या तलवारी बऱ्याचदा काळपट-तपकिरी, कठीण, घट्ट थराच्या निघतात. जमिनीतल्या तलवारीवर माती आणि खडे गुंतलेलं जाड, ओबडधोबड कवच असतं. या कवचात कधी कधी म्यानाच्या लाकडाचे तंतू किंवा कापडाची वीण लोखंडाच्या क्षारांनी जशीच्या तशी धरून ठेवलेली असते. लाकूड कधीच संपलेलं, पण त्याच्या नसा गंजात उमटून राहिलेल्या. मला विचाराल तर भिंगाखाली दिसणाऱ्या गोष्टींत याहून मोलाचा पुरावा दुसरा नाही, आणि नेमकं हेच अडाणी माणूस ‘साफसफाई’ करताना खरवडून टाकतो.

चर्चमध्ये किंवा शस्त्रागारात वरच्यावर तेल लावून ठेवलेल्या तलवारीला मात्र फारसा गंज नसतो. तिच्यावर पुन्हा पुन्हा घासल्याच्या खुणा, गोलावलेल्या कडा आणि काळे डाग असतात. म्हणून ‘चांगल्या अवस्थेत आहे म्हणजे नकलीच’ हेही खरं नाही.

धारेवरच्या खाचाही बघा. खऱ्या वापरातल्या खाचा पुढे धार लावताना आणि गंजाने बोथट झालेल्या असतात, आणि प्रहार करण्याच्या भागात जास्त असतात. छिन्नीने पाडलेल्या खाचा टोकदार, ताज्या आणि ठरावीक अंतरावर.

परज, मूठ आणि पॉमेल यांत काय तपासायचं?

सांधे. तलवारीचं खरंखोटं जिथे दोन भाग भेटतात तिथे कळतं.

परज पात्यावर जिथे बसते ती फट भिंगाने आणि आडव्या उजेडात पाहा. मध्ययुगीन परजेतली खाच गरम लोखंडात पाडलेली असते, त्यामुळे ती पात्याला अगदी चपखल बसलेली नसते. थोडी मोकळी जागा राहते आणि कधी तिथे पाचर मारलेली दिसते. शतकानुशतकं एकत्र पडून राहिलेल्या तलवारीत परजेवरचा गंज आणि पात्यावरचा गंज एकाच जातीचा असतो आणि सांध्यावरून सलग पुढे जातो. परज स्वच्छ आणि पातं खड्ड्यांनी भरलेलं, किंवा परजेवरचे खड्डे सांध्यापाशी येऊन अचानक थांबलेले, तर ती दोघं आयुष्यभर एकत्र नव्हती. परज हलत असेल तर हळूच सरकवून बघा: तिच्याखाली झाकलेल्या भागाची अवस्था उघड्या भागापेक्षा वेगळी असायला हवी.

फट एखाद्या काळसर लगद्याने बुजवलेली दिसली तर अतिनील दिवा लावा. आजकालचे गोंद आणि लाखेचे थर त्या उजेडात वेगळे चमकतात. लोखंडाचा कीस मिसळलेला इपॉक्सी साध्या उजेडात गंजासारखाच दिसतो, अंधारात मात्र पकडला जातो.

टँग हा पात्याचाच भाग असतो आणि पात्याबरोबरच घडवलेला असतो. तो खांद्यापाशी रुंद आणि सपाट, पॉमेलकडे निमुळता. पॉमेलमधून बाहेर आलेलं त्याचं टोक हातोड्याने ठोकून पसरवलेलं असतं. तिथे आटे आणि नट असेल तर ती मूठ आधुनिक समजा. टँगच्या जागी गोल सळई जोडलेली असेल तरी तेच. पॉमेल सुटं झालेलं असल्यास त्याच्या भोकात डोकावा. गरम असताना सुंभ्याने पाडलेलं भोक चौकोनी आणि मुठीच्या बाजूला रुंद असतं. ड्रिलने पाडलेलं गुळगुळीत गोल भोक असेल तर ते पॉमेल नंतरचं.

लाकूड, चामडं, दोरा यांची मूठ बहुतेक वेळा कुजून गेलेली असते. जमिनीतून निघाली असं सांगून विकायला आणलेल्या तलवारीवर मऊसूत चामडं शाबूत असेल तर ते नंतर बसवलेलं आहे. वर उल्लेख केलेल्या राजघराण्यांच्या कबरींसारख्या कोरड्या, बंद जागा हा अपवाद.

पात्यावर अक्षरं किंवा खूण आहे. म्हणजे तलवार खरी ना?

उलट, तिथे दुप्पट सावध व्हा. अक्षरांनी किंमत वाढते, म्हणून ती नंतर घातली जातात.

पात्यांवर घातलेल्या नावांत सर्वांत प्रसिद्ध ‘उल्फबेर्त’. नवव्या ते अकराव्या शतकांतल्या दीडशेहून अधिक पात्यांवर ते आढळलं आहे. धातुशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी तपासलेल्या अशा पात्यांपैकी काही अतिशय उच्च कर्बाच्या, मळीविरहित पोलादाची निघाली, तर नावातले क्रूस आणि अक्षरं चुकीच्या क्रमाने असलेली अनेक पाती साध्या लोखंडाची. म्हणजे या नावाची नक्कल त्याच काळात चालू होती. तेव्हा नाव चुकीचं आहे म्हणून तलवार आजची ठरत नाही, आणि बरोबर आहे म्हणून जुनीही ठरत नाही.

अक्षर कसं घातलं आहे ते बघायचं. सुरुवातीच्या शतकांत पात्यात खाच पाडून लोखंडाची किंवा पिळाच्या पोलादाची तार तापवून ठोकून बसवत. पुढे, बाराव्या-तेराव्या शतकांत अक्षरं बारीक झाली आणि चांदी, पितळ अशा धातूंच्या तारा आल्या. तार गळून पडली तरी खाच राहते, आणि खाचेच्या तळाशी हत्याराचे ठोके दिसतात. बाराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या पात्यावर आम्लाने कोरलेली सपाट, उथळ अक्षरं असतील तर काळ जुळत नाही, कारण शस्त्रांवर आम्लकोरणीची फॅशन मध्ययुगाच्या अगदी शेवटी आली.

अर्थ लागत नाही म्हणून अक्षरं खोटी ठरवू नयेत. इंग्लंडमधल्या विदम नदीत 1825 मध्ये सापडलेल्या आणि ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या तलवारीवर सोन्याच्या तारेची अक्षरांची एक ओळ आहे. ती आजवर कोणाला समाधानकारक वाचता आलेली नाही, आणि तलवार निःसंशय अस्सल आहे.

धावत्या लांडग्याची खूण जर्मनीतल्या पासाऊ गावच्या कारागिरांची, पण तिथल्याच झोलिंगेन गावासह इतरांनीही ती सर्रास वापरली. खूण म्हणजे त्या काळातली जाहिरातच होती. खूण पाहून गाव ठरवायची घाई नको.

अरबी अक्षरं असलेल्या युरोपीय तलवारींचा एक वेगळा, अतिशय महत्त्वाचा गट आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत भेट किंवा लूट म्हणून इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे गेलेल्या तलवारींवर अलेक्झांड्रियाच्या शस्त्रागारात नोंद कोरली जाई, बऱ्याचदा हिजरी सालासकट. यांतल्या पुष्कळ आज इस्तंबूलमध्ये आहेत. सालामुळे त्या प्रकारच्या पात्यांचा काळ ‘याच्या आधीचा’ असा पक्का होतो. अभ्यासकांसाठी हे घबाडच आहे.

पात्यावर लाटांसारखी नक्षी आहे. हे चांगलं लक्षण आहे का?

काळावर अवलंबून आहे. लोखंड-पोलादाच्या सळया पिळून, जोडून नक्षीदार पातं करण्याची पद्धत व्हायकिंग काळात होती आणि दहाव्या-अकराव्या शतकांत मागे पडली. चौदाव्या शतकातली म्हणून दाखवलेली तलवार टोकापासून मुठीपर्यंत ठळक काळ्या-पांढऱ्या लाटांनी भरलेली असेल तर ती आधुनिक ‘दमास्कस’ पट्टीची आहे.

‘क्रुसेडरची’ (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्ध्याची) किंवा ‘टेम्पलरची’ (अशा योद्ध्यांच्या एका पंथातल्याची) तलवार म्हणून विकतात, त्यांचं काय?

या नावाखाली दोन गोष्टी सतत फिरत असतात. पहिली म्हणजे सुदानची कास्कारा: सरळ, रुंद, दुधारी पातं आणि आडवी परज असलेली तलवार. एकोणिसाव्या शतकात महदी या सुदानी धर्मनेत्याच्या उठावातल्या लढायांनंतर ती मोठ्या संख्येने युरोपात आली. तिचा आकार खरोखरच मध्ययुगीन युरोपीय तलवारीची आठवण करून देतो, आणि तिच्या काही पात्यांवर अर्धचंद्रात चेहरा अशा युरोपीय धाटणीच्या खुणाही असतात. कास्कारा ओळखायची तर मुठीचं टोक पाहा. तिथे धातूचं जड पॉमेल नसून चामड्याने मढवलेली चपटी चकती असते. सहारातल्या तुआरेग लोकांची ताकूबाही अशीच खपवली जाते. दोन्ही अस्सल, सुंदर वस्तू आहेत आणि त्यांना स्वतःचा इतिहास आहे. त्यांच्यावर भलत्याच देशाचं नाव चिकटवणं मला मनापासून खटकतं.

दुसरी म्हणजे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत पाश्चात्त्य बंधुमंडळांच्या समारंभांसाठी बनलेल्या तलवारी. शिरस्त्राणाच्या आकाराची मूठ, क्रूस, पात्यावर सभासदाचं नाव. मध्ययुगाशी संबंध फक्त सजावटीपुरता.

आणि एखाद्या विशिष्ट वीराची तलवार म्हणून सांगितलं तर पुरावा विचारा. मालक ठाऊक असलेल्या मध्ययुगीन तलवारी फार थोड्या आहेत आणि त्या जवळपास सगळ्या संग्रहालयांत, चर्चमध्ये किंवा राजकोषांत आहेत.

बनावट तलवारी कधीपासून बनू लागल्या?

मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकात. मध्ययुगाचं वेड तेव्हा युरोपभर पसरलं होतं. लंडनचा व्यापारी सॅम्युएल प्रॅट याने 1839 च्या एग्लिंटन टुर्नामेंटसाठी, म्हणजे स्कॉटलंडमध्ये हौसेने भरवलेल्या मध्ययुगीन धाटणीच्या सामन्यांसाठी, चिलखतं पुरवली. त्याच्याकडून खऱ्याबरोबर नवा घडवलेला मालही जुना म्हणून बाहेर गेला. म्युनिकचा अर्न्स्ट श्मिट उत्तम प्रतिकृती करत असे आणि त्या प्रतिकृती म्हणूनच विकत असे. पण त्याच्या वस्तू दोन-तीन हातांतून गेल्या की कागद हरवतो आणि वय वाढतं.

सर्वांत चमत्कारिक प्रकरण लुई मार्सी या नावाने वावरणाऱ्या लुईजी पार्मेज्यानीचं (1860–1945). हा इटालियन अराजकवादी. 1890 च्या दशकात त्याने लंडनच्या मोठ्या संग्रहालयांनाही मध्ययुगीन म्हणून बनावट वस्तू विकल्या, त्यांत तलवारीही होत्या. आज ‘मार्सी’ वस्तू कशा ओळखायच्या यावर तज्ज्ञ लिहितात: नक्षी जास्त, झीज चुकीच्या जागी, आणि चर्चकलेतले, पुस्तकांतले आकार उचलून शस्त्रावर बसवलेले. या माणसाने एक गोष्ट शिकवली: अति देखणी, अति परिपूर्ण मध्ययुगीन तलवार आधी संशयाने पाहावी. खऱ्या तलवारींपैकी बहुसंख्य साध्या आहेत.

या जुन्या बनावट वस्तू आता शंभर-सव्वाशे वर्षांच्या झाल्या. त्यांच्यावर खराखुरा शतकभराचा गंज चढला आहे, आणि ‘आजोबांच्या संग्रहातली’ हे विक्रेत्याचं वाक्यही खरं असू शकतं.

प्रयोगशाळेत तपासून पक्कं उत्तर मिळतं का?

बनावट असल्याचं उत्तर पक्कं मिळू शकतं. अस्सल असल्याचं तितकं सहज मिळत नाही. कारण प्रत्येक चाचणी विशिष्ट प्रश्नालाच उत्तर देते.

क्ष-किरण चित्र सर्वांत आधी घ्यावं, कारण वस्तूला हात लागत नाही आणि मिळतं खूप: गंजाखाली दडलेली अक्षरं, वितळजोड, टँगला केलेलं ठिगळ, पात्यातली पिळाची नक्षी.

क्ष-किरण प्रतिदीप्तीने पृष्ठभागावरची मूलद्रव्यं कळतात. पितळेच्या तारेसाठी ही चाचणी उपयोगी आहे. जुन्या पद्धतीत तांबं आणि जस्ताचं खनिज एकत्र भाजून पितळ करत, त्यात जस्ताचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांच्या पुढे फारसं जात नसे. 37-38 टक्के जस्त असलेली तार मध्ययुगीन पात्यावर असू नये. पात्याच्या लोखंडात मँगनीज किती आहे हेही बघतात. 1856 च्या बेसेमर प्रक्रियेनंतरच्या (कारखान्यात मोठ्या प्रमाणावर पोलाद करण्याच्या) काळात पोलादात मँगनीज मुद्दाम घालू लागले, जुन्या भट्टीच्या लोखंडात ते नगण्य असतं.

धातुचित्रणासाठी कणभर नमुना कापून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मळीचे लांबट धागे, कर्बाचं कमीजास्त वाटप, पाणी दिलेल्या धारेची रचना हे सगळं त्यात दिसतं. एकसारखं, मळीविरहित, मँगनीजयुक्त पोलाद दिसलं की विषय संपला. मात्र उलट गृहीत धरू नये. 1784 नंतरच्या पडलिंग पद्धतीच्या, म्हणजे भट्टीत ढवळून शुद्ध केलेल्या लोखंडातही मळी असते, आणि एकोणिसाव्या शतकातला बनावट करणारा तेच वापरत होता. जुन्या गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, कुंपणाच्या सळया वितळवून नव्हे, ठोकून पातं केलं तर मळी मिळणारच.

पोलादातल्या कर्बाचीही कार्बन-14 पद्धतीने कालगणना होऊ शकते, कारण तो लाकडी कोळशातून आलेला असतो. दगडी कोळशावर केलेलं पोलाद असेल तर वय हास्यास्पदरीत्या प्रचंड निघतं आणि तेवढ्यानेच बनावट उघडी पडते. मुठीच्या लाकडाची चाचणी करून पात्याचा काळ ठरवणं मात्र चूक, कारण मूठ बदललेली असू शकते आणि जुनं लाकूड मिळवणं अवघड नाही.

नमुना कापायच्या चाचण्या जाणकार संवर्धकाच्या सल्ल्याशिवाय करू नयेत.

कागदपत्रांना किती महत्त्व द्यायचं?

खूप, पण वाचून. ‘जर्मनीतल्या जुन्या किल्ल्यातून’, ‘खासगी युरोपीय संग्रह’ या ओळींना पुरावा म्हणत नाहीत. जुन्या लिलावाची यादी, त्यातलं छायाचित्र, आणि छायाचित्रातल्या खाचा तुमच्या पात्यावरच्या खाचांशी जुळणं, याला पुरावा म्हणतात. माप आणि खड्डे एक-एक करून जुळवावेत. जुनी यादी खरी आणि तलवार दुसरीच, असं होतं.

प्रसिद्ध शोधांची नावं जोडली जातात तेही ध्यानात ठेवा. फ्रान्समधल्या कास्तियों इथे, जिथे 1453 मध्ये इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धाची शेवटची मोठी लढाई झाली, तिथल्या दोर्दोन्य नदीतून विसाव्या शतकात सुमारे ऐंशी तलवारींचा साठा निघाला. त्या जगभर विखुरल्या. त्यामुळे पंधराव्या शतकातल्या धाटणीची, काळपट गंजाची कुठलीही तलवार ‘कास्तियोंची’ म्हणायचा मोह विक्रेत्याला होतो.

कायद्याचा भाग वेगळा. अस्सल असली तरी चोरून उकरलेली तलवार घेऊ नये. फ्रान्समध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरता येत नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार 1970 चा आहे, आणि बरीच संग्रहालयं त्या सालानंतर अचानक उगवलेली वस्तू घेत नाहीत. चोरून खणलेल्या तलवारीबरोबर ती कुठे, कशी पडली होती ही सगळी माहिती नष्ट होते, आणि ती परत मिळत नाही.

फोटोवरून सांगाल का?

वाईट बनावट फोटोवरून ओळखता येते. चांगली नाही. तरी फोटो पाठवायचेच तर पूर्ण तलवार दोन्ही बाजूंनी, परजेचा सांधा जवळून आडव्या उजेडात, पॉमेलचं वरचं टोक, आणि सोबत वजन, तोलाचा बिंदू व जाडीची मापं द्या. मापांशिवाय आलेल्या फोटोवर ‘अस्सल’ असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मिळालेली तलवार साफ करू का?

नको. सँडपेपर, आम्ल, तारेचा ब्रश, गंज काढायची रसायनं, काहीच नको. नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे गंजून उठतात. कोरड्या जागी ठेवा. गंजावर पाण्याचे बारीक तांबूस थेंब उमटताना दिसले तर आत क्लोराइड आहे आणि तलवार अजून खाल्ली जात आहे. तेव्हा संवर्धकाकडे लवकर जा.

डोळा तयार कसा होतो?

खऱ्या तलवारी बघून, आणि तेवढ्याच काळजीने खोट्या बघून. लंडनचा वॉलेस संग्रह, लीड्सचं रॉयल आर्मरीज, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, व्हिएन्नाचं शस्त्रदालन यांची छायाचित्रं आणि नोंदी संगणकावर मोकळ्या आहेत. मोठं करून बघा, वजन आणि मापं वहीत उतरवा. पन्नास नोंदी झाल्या की वजन आणि प्रमाण डोक्यात बसतं. शक्य असेल तिथे अभ्यासासाठी वस्तू हाताळायची परवानगी मागा, बरीच संग्रहालयं रीतसर पत्र दिलं तर देतात. चांगल्या आधुनिक लोहाराने मूळ मापांवरून केलेली प्रतिकृती हातात घेऊन बघणंही फार उपयोगी पडतं, कारण गंजाने अर्धी संपलेली तलवार नवी असताना कशी चालत असेल ते तिच्यातूनच कळतं.

दोन तज्ज्ञांनी दोन मतं दिली तर कोणाचं धरायचं?

ज्याने कारण दिलं त्याचं. ‘मला बरोबर वाटत नाही’ हे अनुभवी माणसाचं वाक्य हलक्यात घेऊ नये, पण त्याला पुढे विचारावं: कोणता भाग, आणि का? एक जण पात्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा मुठीबद्दल, असं पुष्कळदा निघतं, आणि दोघंही बरोबर असतात. दोन्ही मतं तारखेसह लिहून तलवारीच्या कागदांत ठेवा. पुढे विकायची किंवा संग्रहालयाला द्यायची वेळ आली तर दोन्ही द्या, आपल्याला सोयीचं तेवढंच नाही.